खंडेनवमीचं तांबं

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात जो तो एकच विचारतो, "भेडाघाट पाहिलास ना? संगमरवराचे कडे? चांदण्यातली नाव?" नाही पाहिला. एकदा नाही, दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नाही पाहिला. ज्यांना तेच वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही. मी जबलपुरात जे पाहिलं ते एका पत्र्याच्या कपाटात होतं. आणि खरं सांगायचं तर तेही मी पाहिलं नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कारखान्यात विजेची मोठी कपाटं असतात, त्यांना पॅनेल म्हणतात. आत तांब्याच्या जाड पट्ट्या, त्यातून सगळ्या कारखान्याची वीज वाहते. पट्ट्या एकमेकींना बोल्टने जोडलेल्या असतात. जोड सैल झाला की वीज तिथे अडखळते आणि जागा तापते. तापत तापत एक दिवस भडका. तो भडका व्हायच्या आधी, कपाट उघडून, लांब उभं राहून, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्या जोडांचे फोटो काढायचे, हे माझं काम. थंड ते निळं, गरम ते पिवळं, फार गरम ते लाल. एकवीस वर्षं करते आहे. हात न लावता ताप ओळखणारी बाई म्हणून चार कारखान्यांत जरा नावही आहे. होतं.

पहिली खेप, दसऱ्यानंतर

पहिल्यांदा गेले ती दसरा होऊन चार दिवस झाल्यावर. गावाबाहेर पाइप बनवणारा एक खासगी कारखाना होता. तिथले इलेक्ट्रिकल फोरमन इंगोले मला न्यायला फाटकावर आले. पन्नाशीचा, सडसडीत, खिशात टेस्टर लावलेला माणूस. पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांशी तुटक्या हिंदीत बोलत होतो. मग त्यांनी माझ्या बॅगेवरचं नाव वाचलं.

"अरे, मराठी आहे का तुम्ही! मंग काहून हिंदी बोलून राहिलो आपण?"

त्यांचे आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तिसरी पिढी. "आमची मयूरी समजते सगळं, पण उत्तर हिंदीतच देते," ते म्हणाले. मयूरी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, कॉलेजात शिकणारी.

त्यांनी मुख्य पॅनेलचं दार उघडलं आणि मी बघतच राहिले. आतल्या पट्ट्या देवघरातल्या ताम्हणासारख्या लखलखत होत्या. दाराच्या आतल्या बाजूला हळदकुंकवाची बोटं आणि सुकलेला झेंडू.

"हे काय हो?"

"खंडेनवमी," इंगोले लाजून म्हणाले. "इथं सगळे विश्वकर्माले मशीन पुजतात, सप्टेंबरात. मी बी पुजतो. पण बाबानं सांगून ठेवलं होतं, खंडेनवमी सोडू नको म्हणून. त्या दिवशी लाइन बंद असते आपली. मी एकटा येतो अन् चिंचेनं घासतो. शोभा घरूनच भिजवून देते डब्यात."

आमच्या पुण्यात खंडेनवमीला लोक गाडीला हार घालतात आणि पेढ्याचा फोटो पाठवतात. हा माणूस सुट्टीच्या दिवशी येऊन पॅनेलचं तांबं घासत होता. मला भरून आलं. कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ते म्हणाले, "मागच्या साली एक साहेब आले होते तपासाले. त्यायनं जोडाजोडावर काळी पट्टी चिकटवली होती. लय मैल बसला होता तिच्यावर, तर मी काढून टाकली. चालते न?"

इथे मी थांबायला हवं होतं. का, ते सांगते. स्वयंपाकघरातलं पातेलं घ्या. बूड काळं, कड चकचकीत. दोन्ही सारखंच तापलेलं. पण हात जवळ नेला तर झळ काळ्या बुडाची लागते, कडेची लागत नाही. उष्णता तीन वाटांनी जाते. सांडशी तापते ती चिकटून, खोली तापते ती हवा फिरून, आणि तिसरी वाट किरणांची, मध्ये काही नसलं तरी चालते, उन्हासारखी. माझा कॅमेरा ही तिसरी वाटच पाहतो. काळी, मळकी, खरखरीत वस्तू आपल्या अंगातली उष्णता मोकळ्या हाताने बाहेर टाकते. घासून लख्ख केलेलं तांबं एक नंबरचं कंजूष. ते स्वतःचं जवळजवळ काहीच देत नाही. उलट आरशासारखं समोरच्याचंच परत दाखवतं. म्हणून चकचकीत तांबं कितीही तापलेलं असू दे, कॅमेऱ्यात निळंशार दिसतं. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मीच पोरापोरींना शिकवते! त्यावर उपाय ती काळी पट्टी. पट्टी तांब्याला चिकटून तांब्याइतकीच तापते आणि आपण तिचा ताप मोजायचा.

पण पट्टी लावायची तर वीज बंद करायला हवी. वीज बंद करायची तर मॅनेजरची परवानगी, अर्धा-पाऊण तास उत्पादन बंद, कपाळावर आठ्या. माझी बस चारची. आणि इंगोल्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, घरी जेवायला बोलावलं होतं, पाटवडीचा रस्सा केला होता, त्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता.

"ताई," इंगोले म्हणाले, "मेण लावून पाहू का? दोन मिनिटं लागते."

कोपऱ्यात एक लांब वाळका बांबू उभा होता. टोकाला मेणबत्ती बांधलेली. जुने लोक असंच करायचे. चालू लाइनवर लांबूनच जोडाला मेण टेकवायचं. मेण तसंच राहिलं तर ठीक, वितळून ओघळलं तर जोड तापलाय. त्यांच्या वडिलांकडून शिकलेलं.

मी हसले. "इंगोले, मेणबत्तीचे दिवस गेले हो आता. ठेवा तो बांबू."

त्यांनी लगेच ठेवला. साधा माणूस, शहरातून आलेल्या बाईला आणि तिच्या महाग यंत्राला मान देणारा. शहाणीला शब्दाचा मार म्हणतात. मला तोही कुणी दिला नाही.

कॅमेऱ्यात सगळं निळं. फक्त तिसऱ्या पट्टीच्या जोडाशी एक फिकट पिवळा डाग. मी तो इंगोल्यांना दाखवला. "बघा, तुमच्या तांब्याच्या आरशात माझंच भूत. माझ्या अंगाची ऊब परत येतेय." तेही हसले. असं होतं, खरंच होतं. आणि ते ओळखायची खूण इतकी सोपी आहे की सांगायचीही लाज वाटते. एक पाऊल बाजूला सरकायचं. डाग आपल्याबरोबर सरकला तर तो आपलं प्रतिबिंब. जागेवर राहिला तर जोड तापलाय.

मी सरकले नाही. कॅमेरा बंद केला, पिशवीत घातला आणि पाटवडी खायला गेले.

जेवण फार छान होतं. तेही सांगायला हवं. शोभाताईंनी वर लोणकढं तूप सोडलेला भात वाढला आणि मी पुण्याची म्हणून रस्सा कमी तिखट केला होता, तरी माझ्या नाकातून पाणी. मयूरीने कॅमेरा मागून घेतला आणि बापाचा फोटो काढला. पडद्यावर इंगोल्यांचं हसरं तोंड, गाल पिवळे, नाक निळं, आणि नाकाजवळचे डोळ्यांचे कोपरे सगळ्यांत लखलखीत. चेहऱ्यावरची सगळ्यांत गरम जागा तीच असते.

"पापा की आँखें तो बल्ब जैसी हैं!" मयूरी म्हणाली.

तिलवाऱ्याचा पूल

डिसेंबरात तो जोड उडाला. कारखान्यातून फोन आला तो अपघाताचा नव्हता, माझ्या 'सगळं ठीक' रिपोर्टची सहीशिक्क्याची प्रत पाठवा म्हणून होता. बोलता बोलता कळलं की इंगोले पॅनेलसमोर होते. भडका तोंडावर आणि हातांवर आला होता.

मी प्रत पाठवली. मग ऑक्टोबरचं ते चित्र संगणकावर मोठं करून पाहिलं. पिवळा डाग बाईच्या आकाराचा नव्हता. गोल होता. बोल्टभोवती, वॉशरच्या मापाचा. चिंच वॉशरवर नीट फिरली नव्हती, तेवढाच तो मळका राहिला होता. तेवढाच खरं बोलत होता बिचारा.

त्यानंतर तीन आठवडे मी गप्प बसले. हे मी इथे स्वच्छ लिहिते, कारण प्रवासवर्णनात लोक फक्त गाडी सुटल्यापासूनचं लिहितात. मी नवऱ्याला सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही. भाजी आणत होते, रिपोर्ट लिहीत होते. मग जानेवारीत शोभाताईंचा फोन आला.

"नीलाताई, कारखान्यात चौकशी लागली यायच्यावर. साहेब म्हणतात, ऑक्टोबरात कॅमेऱ्यात सारं थंडं होतं, मंग मधात इंगोलेनंच काहीतरी करून ठेवलं जोडाले. तुम्ही तर पाहिलं होतं न? तुम्ही सांगा न जी त्यायले."

म्हणजे माझे निळे फोटो त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून फायलीत लागले होते. बत्तीस वर्षं एकाच कारखान्यात काम केलेला माणूस, आणि जाताना निष्काळजी म्हणून जाणार. दुसऱ्या दिवशी मी नागपूरची गाडी धरली.

नागपूरहून बस. सिवनीच्या पुढे धुकं होतं आणि कंडक्टर शेकोटीसाठी दोनदा उतरला. दुपारी तिलवाऱ्याचा पूल आला तशी बसमधली झोपलेली माणसंसुद्धा उठून बसली आणि हात जोडून "नर्मदे हर" म्हणाली. शेजारच्या आजींनी मला कोपराने ढोसलं, "हाथ जोड़ लो बेटी, मैया हैं." ऑक्टोबरात मी याच पुलावर फोनवर बोलत होते. या वेळी जोडले. काय मागायचं ते मात्र सुचेना, कारण मला हवं ते नदीच्या हातात नव्हतं. खाली पाणी हिरवं आणि संथ होतं.

नेपियर टाउन

मुक्काम नेपियर टाउनात एका लॉजवर. सकाळी खाली टपरीवर पोहे आणि जिलेबी एकाच कागदावर देतात. पुण्यात कुणी पोह्यांशेजारी जिलेबी ठेवली तर भांडण होईल. इथली खव्याची जिलेबी तर काळसर तपकिरी, गुलाबजामच्या चवीची. एरवी मी दोन खाल्ल्या असत्या. त्या सकाळी एकीचा अर्धा तुकडा तोंडात घोळत राहिला आणि गिळवेना.

मयूरी स्कूटरवर घ्यायला आली. दसऱ्याला भेटलेली बडबडी मुलगी ही नव्हेच. "चलिए," एवढंच म्हणाली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, इंगोल्यांची तपासणी तिथेच होती.

बाकावर शोभाताई बसल्या होत्या आणि शेजारी ते. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. चेहऱ्याची कातडी नवी, गुलाबी, ताणलेली. डोळ्यांवर काळा चष्मा. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"कोण?" ते म्हणाले.

"नीलाताई आल्या, पुण्याच्या," शोभाताई म्हणाल्या.

"अच्छा अच्छा! बसा न ताई. प्रवास बरा झाला न? थंडी लय आहे औंदा." जागा करायला ते सरकले आणि भिंतीला डोकं आपटलं.

उजवा डोळा गेला होता. डाव्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, डॉक्टर म्हणाले होते, बघू. 'बघू' हा शब्द शोभाताईंनी मला तीनदा सांगितला, प्रत्येक वेळी थोडी आशा घालून.

मी विचारलं, "चौकशीत तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगायचं?" इंगोले म्हणाले. "कॅमेऱ्यानं थंडं दाखवलं म्हणजे थंडंच होतं. मशीन कायले खोटं बोलंन? मंग चूक माझीच असंन. बोल्ट कसायचा राहिला असंन मधात. मले आठवत नाही, पण असंन. तसंच लिहून दिलं. सही तं करता येत नाही, मयूरीनं माझं नाव लिहिलं."

मयूरी खिडकीबाहेर बघत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, आधी साहेबांकडे जाते, कागदावरून त्यांचं नाव काढते, आणि मग येऊन सांगते. निदान हातात काहीतरी घेऊन येईन. "उद्या मी चौकशीच्या साहेबांना भेटते," एवढंच म्हणाले.

शोभाताईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही सांगितलं का झालंच समजा. तुमचं कोण नाही ऐकणार?"

साहेबांची खोली

कारखान्याने नेमलेले चौकशीचे साहेब निवृत्त इंजिनिअर होते, मफलर गुंडाळलेले, अतिशय सभ्य. मी त्यांना सरळ सांगितलं की माझा रिपोर्ट चुकीचा आहे. तांबं घासलेलं होतं, मी त्याचा विचार केला नाही, जोड ऑक्टोबरातच तापलेला होता. इंगोल्यांनी नंतर काही केलं नाही. चूक माझी.

"मैडम, आपकी रिपोर्ट तो एकदम साफ़ है," ते म्हणाले. त्यांना वाटलं मी दयेपोटी बोलते आहे.

मग मी जे केलं ते म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शिपायाने चहा आणला होता, स्टीलच्या चकचकीत पेल्यांतून, वाफाळता. मी कॅमेरा काढून पेल्यावर धरला. पडद्यावर चहा लाल, पेला निळा. "हात लावा," मी म्हटलं. त्यांनी लावला आणि चटका बसून झटकला. मग मी पेल्यावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवला. निळ्या पेल्यावर लाल चौकोन उमटला.

"अरे वाह!" साहेब खुर्चीतून उठले. शिपायाला बोलावलं, शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावलं. "देखो, देखो, जादू!" मी पुन्हा करून दाखवलं. एकाने मोबाइलवर फोटो घेतला. मला एकदम हलकं वाटलं. कळलं यांना, सुटले इंगोले. सहा-सात मिनिटं मी त्या खोलीत सुखी होते.

साहेब बसले, चहा प्याले, पेन उघडलं.

"तो मतलब, पॉलिश न होती तो कैमरा पकड़ लेता?"

"हो. पकड़ लेता. पण मला कळायला हवं होतं."

"और वो काली पट्टी पहले लगी हुई थी?"

"मागच्या वर्षीची, हो."

"निकाली किसने?"

मी पेल्यावरची पट्टी नखाने सोलू लागले.

"पॉलिश किसने की, मैडम?"

मी म्हटलं, ते पूजेसाठी होतं, साहेब. पट्टी लावणं माझं काम होतं. त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं पट्टी काढली म्हणून. त्यांनी मेण लावू का असं विचारलं होतं, मीच नको म्हटलं. हे लिहा. हिंदी अडली तिथे मी मराठीत बोलले, टेबलावर हात आपटला. साहेब शांतपणे लिहीत होते. ते माझं पत्रही घेतो म्हणाले, फायलीत लावतो म्हणाले. आणि अगदी कळवळून म्हणाले, "देखिए, हमको तो वजह नहीं मिल रही थी. आदमी ख़ुद भी नहीं बता पा रहा था. आपने वजह बता दी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी आले नसते तर कारण सापडलं नसतं, संशयाचा फायदा तरी मिळाला असता. आता कारण सापडलं होतं, पुराव्यासकट, चहाच्या पेल्यात. पंधरा दिवसांनी निकाल आला तेव्हा मयूरीने मला कागदाचा फोटो पाठवला. त्यात पॉलिश होती, पट्टी होती, इंगोले होते. माझ्या पत्राचा उल्लेख नव्हता. खाली तिने काहीही लिहिलं नव्हतं.

ग्वारीघाट

त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून निघून इंगोल्यांच्या घरी जायला हवं होतं. त्यांचं घर ग्वारीघाटच्या रस्त्यालाच. रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, "आगे चलो." भित्री बाई मी. सरळ घाटावर जाऊन उतरले.

संध्याकाळ होत आली होती. पानाच्या द्रोणात दिवे आणि झेंडू विकणाऱ्या बायका मागे लागल्या, मी कुणाकडूनच घेतला नाही. झेंडू बघवत नव्हता. एक म्हातारा नावाडी विचारून गेला, "दीदी, उस पार?" मी नको म्हटलं. थोड्या वेळाने तो परत आला, माझ्याकडे बघून पायरीवर जरा लांब बसला.

"ये क्या मशीन है?" पिशवीतून डोकावणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट करून त्याने विचारलं.

"गरमी दिखती है इससे."

"पानी के नीचे भी?"

"नहीं. पानी के ऊपर-ऊपर."

"अच्छा," तो म्हणाला आणि विडी पेटवली. त्याला त्यात काही कमी वाटलं नाही.

मी बसून राहिले. लोक द्रोण सोडत होते, ते थोडं जाऊन विझत होते. खाली दगड थंड पडला होता, पाय बधिर झाले. मला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. आपण इतकी वर्षं कुणाकुणाला 'सगळं ठीक' लिहून दिलं असेल, किती कपाटांसमोर सरकलो नसू, हेच डोक्यात फिरत होतं. आजही फिरतं.

इंगोल्यांचं अंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. जानेवारीचं ऊन अंगणात आलं होतं. इंगोले बाजेवर बसले होते. डॉक्टरांनी नव्या कातडीवर ऊन घ्यायचं नाही सांगितलं होतं, म्हणून तोंडावर ओला पंचा, हात चादरीखाली, फक्त पाय गुडघ्यापर्यंत उघडे, उन्हात सोडलेले. शोभाताई मटार सोलत होत्या. मला बघून परात बाजूला ठेवून उठल्या.

"झालं न काम?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. घासलेलं तांबं कॅमेऱ्याला दिसत नाही इथपासून, पिवळा डाग, माझं हसणं, साहेबांचा चहा, त्यांनी काय लिहून घेतलं तिथपर्यंत. म्हटलं, चूक पूर्ण माझी आहे आणि ती तुमच्या नावावर मीच घालून आले. मला माफ करा असं म्हणायचं होतं. शब्द फार लहान वाटला आणि म्हटलाच नाही.

मयूरी दारात उभी होती. "तो आपको अक्टूबर से पता था?"

"डिसेंबरपासून," मी म्हटलं.

ती आत निघून गेली. मग परत आली आणि म्हणाली, "पापा की वो फोटो है आपके पास? कैमरे वाली? वो मुझे भेज दीजिए. और कुछ नहीं चाहिए." आणि पुन्हा आत गेली.

शोभाताई जमिनीकडे बघत होत्या. "चिंच म्या भिजवली होती," त्या म्हणाल्या. "हे म्हणत होते थोडीशीच दे. मीच म्हटलं, देवाचं काम आहे, चांगलं घासा."

"शोभाताई, त्याचा काही संबंध—"

"म्याच म्हटलं न, चांगलं घासा." त्यांनी परात पुन्हा ओढली आणि मटार सोलू लागल्या, दाणे परातीत आणि खाली सांडत.

मी बाजेजवळ गेले. इंगोल्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. पंच्याखालून श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, चिडून नाही, एखादी शंका विचारावी तसं.

"ताई, मेण लावलं असतं तं वितळलं असतं न?"

"हो," मी म्हटलं. "वितळलं असतं."

"दोन मिनिटं लागले असते," ते म्हणाले.

मी हलले नाही. जावं की थांबावं तेच कळत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर मी नुसती खांबासारखी उभी होते. मग त्यांनी उघडे पाय जरासे जवळ ओढून घेतले.

"कोण उभं आहे समोर? ताई, तुम्हीच आहे का?" ते म्हणाले. "जरा सरका न बाजूले. ऊन अडून राहिलं."

मी एक पाऊल बाजूला सरकले.